पुसलेलं जातं कुठं

आमच्या मास्तरांना एक खोड आहे. दिसेल ते पुसायचं. जेवण झालं की ताटं उचलायच्या आधी टेबल पुसणार, अंगणात बसायच्या आधी खुर्ची पुसणार, आणि मी दोन शब्द जास्त बोलले की मलाही पुसणार. "जाऊ दे, फिदे. पुसून टाक." सारी हयात फळ्यासमोर गेली माणसाची. पेन्शन लागली आणि हातातलं डस्टर सुटलं, पण हात काही थांबला नाही.

आख्खं एन्कार्नासिओन त्यांना मास्तर म्हणतं, म्हणून मीही म्हणते. तोंडावर मात्र लाचो. लादिस्लाओ हे पुरं नाव घ्यायचा त्यांच्या आईलासुद्धा कंटाळा यायचा, आणि नवऱ्याला तोंडावर मास्तर म्हणायला मी काय त्याची विद्यार्थिनी आहे?

निमिया आमची एकुलती एक. तीही शिकवायलाच लागली, बापाच्याच शाळेत. तिथं हेडमास्तर होता रोगेलियो, मास्तरांचा जिवलग. दर रविवारी दोघं आमच्या अंगणात पत्ते कुटायचे आणि मी त्यांच्यापुढं उकडलेला मांडिओकाचा कंद नेऊन ठेवायची. तर या रोगेलियोनं एका संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, निमियाला कचेरीत बोलावलं आणि दाराला कडी घातली. पोरगी घरी आली तेव्हा एका पायात चप्पल नव्हती, आणि ब्लाउजची बाही खांद्यापासून उसवली होती. ती बाही मी शिवलेली, दुहेरी शिवणीची. गावातल्या निम्म्या पोरांचे गणवेश मी शिवते. दुहेरी शिवण आपोआप उसवत नसते, हे मला कुणी शिकवायला नको. तिची ती अवस्था पाहिली फक्त मी. मास्तर घरी आले तोवर ती आंघोळ करून, केस विंचरून, भिंतीला टेकून बसली होती.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझा गैरसमज झाला असेल, पोरी. रोगेलियोला मी तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखतो. झालं ते पुसून टाक. फळा पुसल्याशिवाय पुढचा धडा लिहिता येत नाही."

निमिया म्हणाली, "बाबा, मी फळा नाहीये."

तिनं शिक्षणखात्याकडे तक्रार दिली. मास्तर म्हणाले, तक्रार मागे घेशील तेव्हाच या घरात पाय ठेव. ती बॅग भरून राजधानीला, आसुन्सिओनला निघून गेली. मी दोघांशी भांडभांड भांडले, पण माझं ऐकतो कोण? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. पत्ते चालूच राहिले. फक्त आमच्या अंगणातून रोगेलियोच्या अंगणात गेले, कारण मी मांडिओका उकडायचं बंद केलं.

आता फोनचं सांगते. घरात फोन एकच, आणि तो मास्तरांचा. "दोघांच्या घरात दोन फोन कशाला? आपण काय मंत्री आहोत?" असं त्यांचं म्हणणं. पेन्शनीची पत्रं, विजेचं बिल, सगळं त्यातल्या ईमेलवर यायचं. ते खातं पूर्वी निमियानंच उघडून दिलेलं, आणि पासवर्ड म्हणून आमच्या मेलेल्या कुत्र्याचं नाव ठेवलेलं. मास्तरांनी पोरीला घराबाहेर काढलं, पण पासवर्ड कसा बदलतात ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि कुणाला विचारायचं तर मास्तरकी आडवी आली.

एकदा मास्तर न्हाव्याकडे गेलेले आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला. अनोळखी नंबर वाजला. निमिया! कुठल्याशा दुकानातून बोलत होती.

"आई, पटकन ऐक. मी फोन केला की बाबांना दिसतो. ईमेल पाठवलं तर 'आलेले'मध्ये दिसणार, तू पाठवलंस तर 'पाठवलेले'मध्ये. म्हणून आपण पाठवायचंच नाही. नुसतं लिहायचं आणि सोडून द्यायचं. ते बोर्रादोरेसमध्ये जाऊन पडतं. पासवर्ड मला ठाऊकच आहे, मी इकडून उघडून वाचीन."

"आणि तुझ्या बापानं उघडलं म्हणजे?"

कितीतरी महिन्यांनी ती हसली. "नाही उघडायचे. बोर्रादोर म्हणजे काय ते विचार त्यांना."

आमच्या भाषेतली गंमत अशी की फळा पुसायच्या डस्टरला आम्ही बोर्रादोर म्हणतो, आणि कच्च्या खर्ड्यालाही बोर्रादोरच. लिहिणारा तोच आणि पुसणारा तोच. पण जन्मभर शाळेत काढलेल्या माणसाला दुसरा अर्थ कशाला आठवेल? मी त्या दिवशी भाजी चिरता चिरता सहज विचारलं, "लाचो, त्या ईमेलात बोर्रादोरेस म्हणून लिहिलंय, ते काय असतं?"

"पुसलेल्याचा कप्पा," मास्तर म्हणाले. "फळा पुसला की डस्टरमध्ये खडूची भुकटी साठते ना? तसं."

"मग खाली कचरापेटी आहे ती कशाला?"

"ती मोठ्या कचऱ्याला. तुला नाही कळायचं."

अगबाई, मी तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावला आणि मागच्या दारी जाऊन पोटभर हसले.

तेव्हापासून आमचा धंदा सुरू झाला. दुपारी जेवणं झाली की सगळं गाव झोपतं, मास्तर तर घोरतात. तेवढ्यात मी फोन उघडायची. नियम निमियानं घालून दिलेला. वाचलं की पुसायचं. पुसलेलं दिसलं की लिहिणाऱ्यानं समजायचं, पोचलं आणि कबूल. कबूल नसेल तर पुसायचं नाही, त्याच्याच खाली आपलं लिहायचं. म्हणजे कप्पा नेहमी रिकामा. मास्तरांनी चुकून डोकावलं तरी सापडायचं काय? मी विचारायची, खोकला गेला का. ती विचारायची, मक्याच्या भाकरीत चीज किती घालतेस, माझी कोरडी होते. मी एकदा न राहवून लिहिलं होतं, बापाला माफ कर. ते तिनं पुसलं नाही. खाली लिहिलं, आधी त्यांना मागू दे.

मग या वर्षी तिनं लिहिलं की चौकशी सुरू होतेय. इतकी वर्षं फाईल कुठल्या कपाटात पडली होती देव जाणे. चौकशी इथंच, शिक्षणखात्याच्या एन्कार्नासिओनच्या कचेरीत होणार, आणि तिच्या बाजूनं साक्षीदार एकच. मी. "तू मला त्या संध्याकाळी जशी पाहिलीस तेवढंच सांगायचं. जास्त काही नको. तू आलीस तर माझं म्हणणं उभं राहील, नाही आलीस तर माझा शब्द आणि हेडमास्तरांचा शब्द, आणि हेडमास्तरांचा भारी पडणार. तारीख कळली की लिहिते. येशील?"

मी ते पुसलं. एवढ्या आनंदानं आयुष्यात दुसरं काही पुसलं नसेल.

मास्तरांना काय सांगायचं तेही मी ठरवून टाकलं होतं. काही नाही सांगायचं. साक्ष देऊन यायचं आणि मग सांगायचं. मग घर डोक्यावर घेईनात का. रोज दुपारी मी कप्पा उघडायची. रिकामा. मनात म्हणायची, सरकारी काम, लागेल तारीख आपली सावकाश. चांगला काळा झगा इस्त्री करून कपाटात टांगून ठेवला होता.

आणि मग एका बुधवारी दुपारी कप्प्यात चार ओळी दिसल्या.

"आई, पुसलेलं बघितलं म्हणून मी काल निश्चिंत आले. दुपारपर्यंत बाकावर बसले. दर वेळी दार वाजलं की उठून बघत होते. तुला यायचं नव्हतं तर खाली लिहायचं होतंस, मी काही म्हटलं नसतं. जाताना रोगेलियो माझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, आईला माझा नमस्कार सांग. फाईल बंद झाली. आता इथं लिहू नकोस."

मी ते उभ्यानं वाचलं, मग स्टुलावर बसून वाचलं. ती कचेरी आमच्या घरापासून बाजाराइतकी लांब. भाजीची पिशवी घेऊन मी तिच्यावरून जाते. माझी पोरगी तिथं बसली होती आणि मी घरात गणवेशाच्या कॉलरी उलटवत होते. छातीत असं काही दुखलं की मला वाटलं, आता इथंच संपते मी. पण मेलं मरणही वेळेवर येत नाही.

मी खोलीत जाऊन मास्तरांना हलवलं. आमच्याकडे दुपारची झोप मोडणं म्हणजे चर्चमध्ये शिट्टी वाजवण्यासारखं. पण माझ्या डोळ्यांपुढं आग होती.

"लाचो, ऊठ. बोर्रादोरेसमधलं कुणी पुसलं?"

"काय?"

"ऐकू आलंय तुला. फोनमधलं. कुणी पुसलं?"

मास्तर उठून बसले. उशाचा चष्मा घेतला, गंजीफ्रॉकनं पुसला. "मीच. जागा भरली, जागा भरली म्हणून फोन बोंबलत होता. कचरा काढला. माझा फोन मी साफ करणार नाही तर काय बिशप येणार?"

"काढण्याआधी वाचलंस?"

"कचरा कोण वाचतं, फिदे?"

खरं सांगते, माझा विश्वास बसला. माणूस तसाच आहे, दिसलं की पुसणारा. आणि त्याच्या लेखी तो कप्पा भुकटीचा. आम्हीच नाही का त्याच्या अडाणीपणावर घर बांधलं होतं? ते घर आता आमच्याच डोक्यावर कोसळलं. कुणाला बोल लावायचा? मी तिथंच पलंगाच्या कडेला बसले आणि रडत रडत सगळं ओकले. पासवर्ड, दुपारची चोरी, पुसायचा नियम, साक्ष, सगळं. "तिथं तुझ्या पोरीचं लिहिणं होतं रे! चौकशीची तारीख होती! ते तू पुसलंस आणि तिला वाटलं मी पुसलं. मी येते म्हणाले आणि गेले नाही, असं झालं!"

मास्तर ओरडतील असं मला वाटलं. त्यांच्याच नाकाखाली त्यांच्याच फोनवर बायको पोरीशी बोलत होती, कुठलाही नवरा ओरडला असता. त्यांनी मात्र चष्मा पुन्हा काढला, पुन्हा पुसायला लागले. मला वाटलं, हादरलेत बिचारे.

मग मला एकदम सुचलं. "थांब. कचरापेटी! पुसलेलं ईमेल कचरापेटीत महिनाभर पडून असतं, निमियानंच सांगितलंय मला. ते सापडलं की तिला दाखवता येईल. सांगता येईल की बाई, हे तुझ्या बापानं चुकून काढलं, मला दिसलंच नव्हतं. दे तो चष्मा इकडे."

मी कचरापेटी उघडली. हे एवढं रामायण होतं आत. विजेची बिलं, लॉटरीच्या जाहिराती, पाठदुखीवरचा पट्टा, कुणीतरी नायजेरियाचा राजपुत्र. मी एकेक वर सारत गेले. बिल. जाहिरात. पट्टा. पुन्हा पट्टा. निमियाचं कुठं काही दिसेना. "अजून खाली असेल," मी म्हणत होते, "जरा थांब, अजून खाली असेल."

"नको शोधूस, फिदे," मास्तर म्हणाले.

"का नको?"

"बोर्रादोरेसमधलं पुसलेलं कचरापेटीत जात नाही. जे पाठवलं, जे आलं, तेच तिथं पडतं. खर्डा कधी गेलेलाच नसतो कुठं. तो पुसला की पुसलाच. त्याला पेटी नाही."

माझं बोट तिथंच थांबलं.

खर्डा म्हणाले मास्तर. डस्टर नाही, भुकटी नाही. खर्डा.

मी हळूच फोन खाली ठेवला. "लाचो, तुला हे कसं ठाऊक?"

खिडकीबाहेर शेजाऱ्यांचा पोपट कुणाला तरी शिव्या घालत होता. मास्तर चष्म्याशिवाय भिंतीकडे बघत बसले होते, आणि एकाएकी मला ते फार म्हातारे दिसले.

"मी शोधलं होतं," ते म्हणाले. "तुझ्यासारखंच. अगदी तळापर्यंत."

"कधी?"

"पुसलं त्याच दिवशी. तू झोपायला गेल्यावर."

"तो दिवस कुठला?"

"रविवार."

"म्हणजे चौकशीच्या आधी."

त्यांनी मान हलवली.

"आणि वाचलं होतंस."

"जागा भरली होती हे खरं आहे, फिदे. कचरा काढायलाच बसलो होतो. वर 'आई' म्हणून लिहिलेलं दिसलं. वाचलं. मग हात गेला. सवयीनं म्हण, रागानं म्हण, रोगेलियोची लाज वाटली म्हण. काय म्हणायचं ते म्हण. पण पुसल्याबरोबर कळलं, काय केलं ते. म्हटलं, परत आणून तिथंच ठेवावं. तू दुपारी वाचशील, मला काही बोलायला नको. म्हणून शोधत बसलो. नाहीच सापडलं. मग वाटलं, संपलं. आता काय करणार?"

काय करणार! वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते हे. इतका वेळ मी त्यांच्या अडाणीपणाची कीव करत होते आणि ते माझ्या कीवेखाली आरामात बसले होते.

"तोंड कुठं गेलं होतं तुझं?" मी ओरडले. शेजारचा पोपटसुद्धा गप्प झाला. "यंत्रातून गेलं, तुझ्या डोक्यातून गेलं होतं का? रविवारी रात्री माझ्यासमोर बसून सूप प्यायलास. सोमवारी मला म्हणालास, मीठ कमी आहे. तेवढ्यात एक वाक्य बसत नव्हतं? फिदे, तुला मंगळवारी बोलावलंय. एवढंच! आणि मंगळवारी..." मला मंगळवार आठवला. "मंगळवारी सकाळभर तू माझ्या शिवणयंत्राजवळ खुर्ची टाकून बसलास. सुईत दोरा ओवून दिलास. मला वाटलं, म्हातारपणी माया आली नवऱ्याला. पहारा देत होतास!"

"पहारा नव्हता. सांगायलाच बसलो होतो. तोंडातून शब्द निघेना. मग जेवायची वेळ झाली."

"मग जेवलास."

"जेवलो."

मी उठून कपाट उघडलं. तो काळा झगा काढला आणि अंगावर चढवला, त्यांच्यासमोरच. बटणं लावता लावता म्हटलं, "काय लिहिलं होतं तिनं? शब्दन् शब्द सांग. पाठांतरासाठी पोरांना छड्या मारल्यास ना? आता तू म्हण."

"फिदे..."

"म्हण!"

मास्तर पलंगावरून उठले. खरंच उठून उभे राहिले, हात बाजूला सोडून, आणि म्हणायला लागले. आवाज सपाट होता. एकही शब्द अडला नाही. तीन दिवस हेच उगाळत होते हे कळायला काही विद्या लागत नव्हती.

"आई, तारीख लागली. मंगळवारी सकाळी आठ वाजता. मी रात्रीच्या बसनं येते, घरी येणार नाही, थेट कचेरीत. तू फक्त त्या संध्याकाळी पाहिलंस ते सांग. मला भीती वाटतेय, पण तू शेजारी असलीस की बोलता येईल. काल स्वप्नात..."

इथं ते थांबले.

"पुढं?"

"काल स्वप्नात बाबा मला सायकल शिकवत होते. बाबांना सांगायचं की नाही ते तू बघ. पण ते येतो म्हणाले तर घेऊन ये. माझ्या बाजूनं नाही बोलले तरी चालेल. नुसते मागच्या बाकावर बसले तरी मला पुरे."

मला वाटलं होतं, ऐकल्यावर मी काहीतरी फेकून मारीन. पण हातच उचलेना. असं लिहिलेलं वाचून माणसाचा हात पुसायला जातो? मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते पुसलं नाही.

पिशवीत मी एक जोडी कपडे टाकले आणि टोपलीतले दोन चिपा, आमचे चीजचे पाव. आसुन्सिओनची दुपारची बस मिळण्याजोगी होती. निमियाचा पत्ता पाठ होता. दार उघडेल की तोंडावर लावेल, ठाऊक नव्हतं. लावलं तर पायरीवर बसेन. ती बसली नव्हती का दुपारपर्यंत? बंद झालेली फाईल माझ्या जाण्यानं उघडते की नाही ते खात्याला विचारीन, एकदा नाही, रोज विचारीन. पण आधी पोरीला तोंडानं सांगायचं. आता लिहिण्यावर माझा काडीचा भरवसा राहिला नव्हता.

फाटकाशी पोचले तोवर मागून सपातांचा आवाज आला. मास्तर अंगणात आले होते, सदरा उलटसुलट अडकवलेला, हातात टोपी.

"फिदे," ते म्हणाले, "मी येऊ?"

मी कडी काढली.

"तुला बोलावलं होतं, लाचो. मंगळवारी."